खाणीतला मामा आणि रस्त्यावरचा सैतान



पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'दक्षिण अमेरिकेतील लोकोत्सव' असा विषय छापलेला आहे. तो वाचून परवा आमच्या युनियनच्या कचेरीत एका तरुण कामगाराने विचारले, "भाऊ, बोनस सोडून तुम्ही नाचगाण्यावर कधीपासून बोलायला लागलात?" प्रश्न रास्त आहे. शिवाय दक्षिण अमेरिका म्हणजे काही एखादा तालुका नव्हे. तिथले सगळे सण तासाभरात सांगायचे तर पंचांग वाचून दाखवल्यासारखे होईल. म्हणून मी एकच देश घेतो, बोलिव्हिया. आणि त्यातले एकच शहर, ओरुरो. मी तेथे गेलेलो नाही. सांगणार आहे ते पुस्तकांतून वेचलेले आहे, आणि ती पुस्तकेही डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलेली.

या मुलखाशी माझी ओळख एका खाणकामगाराच्या बायकोने करून दिली. दोमितिला चुंगारा तिचे नाव. सिग्लो वेइन्ते, म्हणजे 'विसावे शतक', नावाच्या कथलाच्या खाणीवर ती राहत असे. तिथल्या बायकांनी १९६१ साली गृहिणींची समिती काढली, तिची ती पुढे पुढारी झाली. तिने तोंडाने सांगितलेली आत्मकथा १९७० नंतरच्या दशकात छापली गेली. मी ते पुस्तक संपासंबंधी काही शिकावे म्हणून घेतले होते. वाचता वाचता ध्यानात आले, की या माणसांचे संप आणि यांचे सण एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत.

आता आमच्या चळवळीत सणांविषयी एक जुनी अढी आहे. सण आला की कामगार कर्ज काढतो, वर्गणी देतो, नाचतो आणि युनियनच्या सभेला येत नाही. मीही वीस-पंचवीस वर्षे हेच बोलत आलो. एका कारखान्यात टाळेबंदी होती. दीड महिना लोटला होता, घरात पीठ नव्हते, आणि खंडेनवमी आली. मी गेटसभेत म्हणालो, "यंदा पूजा नको. यंत्रे आत आहेत, तुम्ही बाहेर आहात. हारा-नारळाचे पैसे संपनिधीत टाका." कोणी उलट बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो गेटच्या कुलपाला झेंडूचा हार, कुंकू, आणि खाली फोडलेला नारळ. एक म्हातारा फिटर होता, त्याला सगळे मामा म्हणत. तो मला म्हणाला, "भाऊ, लेथ आमच्या हाताने चालते. मालकाने कुलूप घातले म्हणून ती त्याची झाली काय?" त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते. ओरुरोविषयी वाचताना मला त्या कुलपाची पुनःपुन्हा आठवण झाली, म्हणून हा विषय.

ओरुरो हे शहर आन्देस पर्वताच्या दोन रांगांमधल्या उघड्या पठारावर आहे. उंची सुमारे बारा हजार फूट. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट, म्हणजे त्याच्या दुपटीहून उंच! झाड विरळा, वारा बोचरा, आणि नवख्या माणसाला जिना चढतानाही दम लागावा अशी हवा. स्पॅनिश लोकांनी १६०६ साली हे शहर वसवले ते रुप्यासाठी. पुढे रुपे मागे पडले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कथील पुढे आले. कथील म्हणजे आपल्या आज्या ज्याची कल्हई पितळी भांड्यांना लावून घेत तेच. जगात डबाबंद अन्नाचा खप वाढला, महायुद्धे झाली, आणि या पठाराखालच्या कथलाला सोन्याचे दिवस आले. सोने कोणाच्या घरी गेले ते सांगायला नकोच. पातीन्यो, होखशिल्ड आणि आरामायो या तीन घराण्यांच्या मुठीत सारा धंदा होता. त्यातला सिमोन पातीन्यो जगातल्या मोठ्या धनिकांत गणला जाई.

या शहराचा कार्निव्हल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू होण्याआधीचे हे दिवस; आपल्या गोव्यातला इंत्रूज याच पंचांगावर चालतो. पण ओरुरोची तऱ्हा निराळी. येथे शनिवारी जी मिरवणूक निघते तिला ते लोक तीर्थयात्रा समजतात. ती सुमारे चार किलोमीटर चालून एका देवळाशी संपते, आणि वीस-वीस तास चालते. युनेस्कोच्या नोंदीप्रमाणे तिच्यात २८,००० हून अधिक नाचणारे आणि १०,००० वादक असतात, आणि त्यांची पन्नासेक मंडळे आहेत. बारा हजार फुटांवर, अंगावर जड पोशाख आणि तोंडावर मुखवटा घेऊन चार किलोमीटर नाचत जायचे! आणि पुष्कळांचा नवस लागोपाठ तीन वर्षे नाचण्याचा असतो.

ती देवी कोण? तिचे नाव वीर्खेन देल सोकावोन. सोकावोन म्हणजे खाणीचे भुयार. तेव्हा भुयाराची कुमारी माता, किंवा आपल्या बोलीत खाणीची आई. तिची कथा अशी, की १७८९ च्या सुमाराला तेथे एक चोर होता. श्रीमंताचे लुटावे आणि गरिबाला द्यावे असा त्याचा खाक्या. एकदा तो जबर जखमी झाला, तेव्हा कोणा अनोळखी बाईने त्याला त्याच्या गुहेपर्यंत पोचवले. तो मेल्यावर लोक आत गेले, तर उशाच्या भिंतीवर मेरीचे चित्र! चोराच्या उशाशी उभी राहिलेली देवी खाणकामगारांनी आपली मानली, आणि तिच्यापुढे सैतानाच्या वेषात नाचायचे ठरवले.

सैतानाच्या वेषात का, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी जमिनीखाली उतरावे लागेल. बोलिव्हियाच्या खाणीत भुयाराच्या एका कोनाड्यात मातीची मूर्ती बसवलेली असते. डोक्याला शिंगे, मोठे डोळे, उघडे तोंड, पुष्कळदा पायांत खाणकामगाराचेच बूट. कामगार तिच्या तोंडात पेटती विडी ठेवतात, हातात कोकाची पाने ठेवतात, पुढ्यात दारू शिंपडतात. पादरी हिला सैतान म्हणाले. कामगार म्हणतात तीओ. तीओ म्हणजे स्पॅनिशमध्ये काका किंवा मामा. भीती वाटते त्याला नात्यात ओढायचे, ही युक्ती आपल्याला नवीन नाही. आपण वाघाला वाघोबा म्हटले आणि फोडांच्या रोगाला देवी म्हटले. स्पॅनिश येण्याआधी आन्देसच्या लोकांत पाताळातल्या शक्तीला सुपाय म्हणत. ती निव्वळ दुष्ट नव्हती. धातू तिच्या मालकीचा, आणि तिला दिल्याशिवाय तो घेऊ नये असा दंडक होता. पादऱ्यांनी तिला शिंगे लावली. कामगारांनी ती शिंगे ठेवून घेतली आणि आपला जुना व्यवहारही चालू ठेवला.

मंगळवारी आणि शुक्रवारी तीओपुढे बैठक बसते. दारू शिंपडून नैवेद्य द्यायच्या या विधीला चाल्या म्हणतात. पहिला घोट जमिनीला, म्हणजे पाचामामा या धरणीमातेला, मग तीओला, मग स्वतःला. कोकाची पाने गालात धरून कामगार बसून राहतात. ती पाने भूक आणि थकवा मारतात. आणि बसल्या बसल्या बोलतात: कुठल्या भुयाराचे छत कच्चे आहे, कोणाला खोकला लागला आहे, कोणता मुकादम हजेरीत लबाडी करतो. दगडाची धूळ छातीत बसून होणारा रोग तेथे घरोघर होता. बाहेर सभा घ्यायला बंदी असेल, पण मामापुढे बसायला बंदी नाही! मी युनियनचा माणूस. युनियन कुठे जन्मते हे मला ठाऊक आहे. हॉलमध्ये ती नोंदली जाते. जन्मते ती चहाच्या सुट्टीत.

हे माझे अनुमान मी तुमच्यावर लादत नाही. जून नॅश नावाच्या अमेरिकन बाई ओरुरोला राहून हे सगळे पाहून गेल्या, आणि १९७९ साली त्यांचे पुस्तक निघाले. आम्ही खाणीला खातो आणि खाण आम्हाला खाते, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. युनियनचे पुढारीच त्यांना सांगत, की चाल्याची बैठक ही आमची शाळा आहे. नवा पोर तेथे आमचे प्रश्न ऐकतो आणि तयार होतो. सान होसे या ओरुरोच्याच खाणीत तीन तरुण कामगार स्फोटात मेले, तेव्हा कामगारांनी लामा या तिथल्या लोकरीच्या जनावराचा बळी देऊन तीओची शांत केली. एखादा म्हणेल, ही अंधश्रद्धा. असेलही. पण माणसे खाली उतरायला घाबरत होती आणि त्यांना पुन्हा एकमेकांच्या भरवशावर उतरायचे होते. त्यासाठी त्यांच्यापाशी काय होते, याचाही विचार टीकाकाराने करावा.

मात्र दुसरी बाजूही त्याच पुस्तकात आहे, आणि ती मी झाकणार नाही. जुन्या मालकांच्या काळी कार्निव्हलच्या शुक्रवारी कामगार कथलाच्या चांगल्यातल्या चांगल्या दगडाची भेट मालकाला देत, आणि मालक त्यांना कपडेलत्ते वाटी. मालक आमच्याबरोबर नाचे, असे म्हातारे कौतुकाने सांगत. हे आपल्याला ओळखीचे आहे. वर्षभर पगार दाबायचा आणि दिवाळीला मिठाईचा पुडा द्यायचा. पुडा गोड लागतो, हीच अडचण आहे!

त्याच पातीन्योच्या कातावी खाणीवर २१ डिसेंबर १९४२ रोजी पगारवाढ मागणाऱ्या मोर्चावर सैन्याने गोळ्या झाडल्या. पुढे चालणारी मारिया बार्सोला नावाची बाई पडली. ते माळरान आजही तिच्या नावाने ओळखले जाते. दीड वर्षाने, जून १९४४ मध्ये, हुआनूनी येथे खाणकामगारांचे महामंडळ स्थापन झाले आणि हुआन लेचीन त्याचे पुढारी झाले. एप्रिल १९५२ मध्ये क्रांती झाली, आणि ३१ ऑक्टोबर १९५२ रोजी बारसोलाच्या त्याच माळावर मोठ्या खाणींच्या राष्ट्रीयीकरणावर सही झाली. पठारावरच्या या अर्धपोटी माणसांनी दहा वर्षांत एवढे घडवले.

सणाने त्यांना जोडले, आणि सणाच्याच रात्री त्यांना मारलेही. हे सांगताना मला जड जाते. २३ जूनची रात्र ही सेंट जॉनची रात्र. तिकडे तो ऐन हिवाळा, वर्षातली सर्वांत थंड रात्र समजतात. घरोघर होळ्या पेटतात, पोरे-बाळे शेकत बसतात, गाणी होतात. १९६७ साली सिग्लो वेइन्ते येथे असाच जागर चालला होता. लष्करी सरकारने पगार कापले होते आणि दुसऱ्या दिवसापासून युनियनच्या प्रतिनिधींची बैठक भरायची होती. पहाटे, माणसे पेंगुळली असताना, आगगाडीने आणलेले सैन्य चाळींत शिरले. वीसाहून अधिक माणसे मेली. सुरुवातीला पुष्कळांना गोळ्यांचा आवाज सणाच्या फटाक्यांचाच वाटला. या रात्रीवर खोर्खे सान्खिनेस यांनी १९७१ साली चित्रपट केला, त्यात वाचलेल्या माणसांनी स्वतःच कामे केली; दोमितिलाही त्यात आहे.

आता पुन्हा कार्निव्हलच्या रस्त्यावर येऊ. सर्वांत पुढे असतो तो दियाब्लादा, म्हणजे सैतानांचा नाच. मिखाएल हा देवदूत तलवार घेऊन पुढे. मागे ल्युसिफर, सैतानाची बायको चीना सुपाय, अस्वल, गिधाडाच्या जातीचा काँडोर, आणि रांगांवर रांगा शिंगाड्या सैतानांच्या. मुखवट्यावर पाली, बेडूक, साप. हे प्राणी उगाच नाहीत. वारी नावाच्या पहाडातल्या देवाने रागावून उरू लोकांवर साप, बेडूक, सरडा आणि मुंग्या सोडल्या आणि एका राजकन्येने त्यांचे दगड करून लोकांना वाचवले, अशी तिथली जुनी कथा आहे. पुढे त्या राजकन्येत लोकांनी खाणीची आईच पाहिली. नाचात सात पापांना देवदूत हरवतो. पण सैतानांची फौज एवढी देखणी, की बघणाऱ्याची नजर देवदूताकडे थोडीच जाते!

या नाचाचे सर्वांत जुने मंडळ १९०४ सालचे, आणि ते खाटकांनी काढले. १९४४ साली त्यातून काही जण फुटून निघाले आणि दुसरे मंडळ झाले. मंडळ फोडणे ही आपलीच कला आहे असा माझा समज होता, तोही गेला.

दुसरा मोठा नाच मोरेनादा. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची आठवण त्यात आहे. काळे मुखवटे, बाहेर आलेले डोळे, लोंबती जीभ. हातात खुळखुळ्यासारखे वाद्य, त्याचा आवाज साखळदंडाचा. चाल इतकी संथ की पाऊल ओढत नेल्यासारखी. आणि तिसरा, तरुणांचा लाडका, कापोरालेस. कापोराल म्हणजे गुलामांवरचा मुकादम. हा नाच १९६९ साली ला पास शहरातल्या एका कुटुंबातल्या भावांनी बसवला. बुटांना घुंगरांच्या ओळी, हातात चाबूक, उंच उड्या. पाहायला फार छान, यात वाद नाही. पण मला एक गोष्ट टोचते. मोरेनादात गुलाम नाचतो. कापोरालेसमध्ये मुकादम नाचतो, आणि नव्या पिढीची गर्दी मुकादमाकडे आहे. बोलिव्हियातल्या कृष्णवर्णी समाजानेही हरकत घेतली आहे, की आमचा साया नाच वेगळा आणि हा मुकादमाचा नाच वेगळा. दोन्ही एक म्हणून खपवू नका. मला त्यांचे म्हणणे पटते.

पैशाचेही बोलले पाहिजे. पोशाख, मुखवटा, बँडचा खर्च हे आज साध्या खाणकामगाराच्या आवाक्यात राहिलेले नाही. रस्त्याच्या दुतर्फा बाकांच्या जागा विकतात, मद्याच्या कंपन्यांच्या जाहिराती लागतात. युनेस्कोने २००१ साली या उत्सवाचा गौरव केला, त्यानंतर बाहेरच्या जगाचे लक्ष अधिकच वाढले. ज्यांनी सैतान वर आणला ते पुष्कळदा बाजूला उभे राहून पाहतात.

कारण ते खाणीत उरलेच नाहीत. १९८५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने फर्मान काढून सरकारी खाणी आवरत्या घेतल्या, ऑक्टोबरमध्ये जगातला कथलाचा बाजार कोसळला, आणि वीस हजारांहून अधिक खाणकामगार घरी बसले. सरकारी भाषेत याला 'स्थलांतर' म्हणाले. आपल्याकडे १९८२ च्या गिरणी संपानंतर जे झाले ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना शब्दांचा हा खेळ समजावायला नको. १९८६ च्या ऑगस्टमध्ये खाणकामगार बायकामुलांसह राजधानीकडे पायी निघाले. सैन्याने त्यांना वाटेत वेढले आणि परत पाठवले. मग कोणी ला पासच्या डोईवरच्या एल आल्तो या वस्तीत गेले, कोणी चापारेच्या जंगलात कोका पिकवायला गेले. जाताना त्यांनी दोन गोष्टी बरोबर नेल्या: युनियन बांधायची सवय आणि सण. कोका पिकवणाऱ्यांच्या युनियनमधून पुढे एवो मोरालेस आले आणि २००६ साली राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या कारभाराविषयी मतभेद पुष्कळ आहेत. तो आजचा विषय नाही. पण हा गृहस्थ तरुणपणी ओरुरोच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवीत असे, एवढे नमूद करतो.

बँडवाल्यांविषयी मला विशेष माया आहे. नाचणारा नवस फेडतो, बघणारा मजा करतो. वाजवणारा मात्र मजुरीवर आलेला असतो. तसेच मुखवटे करणारे, जर भरणारे, बूट शिवणारे. ओरुरोच्या ला पास नावाच्या रस्त्यावर त्यांची दुकाने ओळीने आहेत. पूर्वी प्लास्टर, नमदा आणि पत्र्याचे मुखवटे असत. आता हलके पडावेत म्हणून फायबरचे करतात. १ मार्च २०१४ रोजी मिरवणुकीच्या वाटेवरचा लोखंडी पादचारी पूल कोसळला, तो खालून वाजवत जाणाऱ्या एका बँडवर. मेलेल्यांत वादक होते. चित्रफितींत दिसतात ते सैतान आणि देवदूत. या माणसांचा हिशेब कोणी मांडत नाही.

मिरवणूक देवळाशी पोचली की मुखवटे उतरतात. रात्रभर डरकाळ्या फोडणारा सैतान घामेजलेला, धापा टाकणारा माणूस होतो आणि गुडघ्यांवर चालत आईपुढे जातो. कित्येक जण तेथे ओक्साबोक्शी रडतात. आणि त्याच देवळातून खाली उतरणारी वाट आहे. ती जुन्या खाणीच्या भुयारात जाते, तेथे आता संग्रहालय आहे आणि तीओ बसलेला आहे. वर आई, खाली मामा. पादऱ्यांनी शेकडो वर्षे खटपट केली, पण हे बिऱ्हाड काही वेगळे झाले नाही.

रविवारी पहाटे देवळापुढच्या चौकात सगळे बँड जमतात आणि सूर्य उगवायच्या वेळी एकदम वाजवायला लागतात. सोमवारी सैतानांचे सोंग पुन्हा होते. मंगळवारी गावात नाच थंडावतो, कारण त्या दिवशी साऱ्या बोलिव्हियात घरोघरची चाल्या असते. एल आल्तोत खाणीतून काढलेल्या माणसांची वस्ती आहे. तेथेही लोक घराच्या चारी कोपऱ्यांना दारू शिंपडतात, फुले आणि रंगीत कागद टाकतात; शिवणयंत्राला, हातगाडीला, भाड्याने चालवायच्या मोटारीला झिरमिळ्या बांधतात. पहिला घोट जमिनीला. खाण मागे राहिली, हाताशी जे हत्यार आले त्याची पूजा चालू आहे.